एवढ्यात न्हाई

हीटर दिवाळीतच आला.
वैजयंतानं पुण्याहून पाठवलेला,
वर चिठ्ठी: बाबांच्या गुडघ्यांसाठी.
ह्यांनी खोकं उघडलं नाही.
हातावर तोललं, म्हणाले, 'दोन किलो असंल,'
आणि पलंगाखाली सरकवलं,
पाटा-वरवंट्याच्या शेजारी.

'लावू की. पण एवढ्यात न्हाई.'

एवढ्यात म्हणजे कधी, मी विचारलं नाही.
चौतीस वर्षं शिरोलीत भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस
थंडीला थंडी म्हणायला लाजतो.
आणि मला मीटरचा धाक.
त्यातली चकती आता फिरतही नाही,
नुसता लाल ठिपका लुकलुकतो,
तरी धाक तो धाकच.

मग घर राखायला लागलो.
दुपारी तीनला पश्चिमेची खिडकी सताड उघडायची,
फरशीवर ऊन येईल तेवढं येऊ द्यायचं,
साडेपाचला, ते पारव्यासारखं उडून जायच्या आत
झडप लावायची.
फटीत कालचा पेपर. जाहिरातींचं पान जाड, ते आधी.
उंबऱ्याला पोतं.
भाकरी मी आता उशिरा थापते,
उतरवलेला तवा मधल्या खोलीत आणून ठेवते;
आठचा तवा साडेनऊपर्यंत ऊब धरतो.
बंबाच्या निखाऱ्यात पुरलेली वीट
जुन्या बनियनमध्ये गुंडाळून पायांशी.
'उजवीकडं सरकव.'
'न्हाई, मधीच ऱ्हाणार.'
विटेवरून भांडलो की
जराशी ऊब त्यातूनही येते.

वाकळीत माझी तीन लुगडी आहेत
आणि ह्यांचे कारखान्याचे खाकी शर्ट,
ठिणग्यांनी पडलेल्या भोकांसकट.
मी ती रफू केली नाहीत.
थंडी तिथूनच आत येते, हे मला माहीत आहे.

मुल्लाणी भाभी साखर मागायला आल्या,
म्हणाल्या, 'अक्का, तुमच्या घरापरास
भाईर बरं की!'
मी म्हटलं, 'बसा जरा. घर तापायला येळ लागतो.'
त्या पदर आवळून चहा होईपर्यंत बसल्या,
आणि जाताना म्हणाल्या,
'व्हय, हाय बाई जरा ऊब.'
साखर जास्तच दिली मी.

पंचगंगेवरचं धुकं एरवी स्टेशन ओलांडत नाही.
पौषात एका रात्री ते यादवनगरात आलं,
आमच्या गल्लीतल्या खांबाला टेकून उभं राहिलं.
मला जाग आली. वीट गार.
शेजारची जागाही गार.

मधल्या खोलीत लाल उजेड.
हे जमिनीवर मांडी घालून बसलेले,
पुढ्यात हीटर, खोकं घडी करून भिंतीला लावलेलं.
हात शेकत नव्हते.
नुसते कांडीकडं बघत होते.
'आठशेच्या आसपास असंल,' मान न वळवता म्हणाले,
'ह्या रंगाला बीड काय वितळायचं न्हाई.
पिवळं व्हायला पायजे.
पांढऱ्याकडं झुकलं, की मग वतायचं.'

मी फारसं ऐकलं नाही. तोंड बघत होते.
भुवया आखडलेल्या, डोळे बारीक,
गालावर तो लाल रंग,
आणि कुठं घाई नाही.
चौतीस वर्षं हे तोंड पाळीवर असायचं,
पाळी सुटली की धुऊन, पुसून,
विझलेलं घरी यायचं.
खिद्रापूरचा तो आदगोंडा, हाताखालचा,
त्यानं रोज बघितलं असणार.
मला कुणी दाखवलंच नव्हतं.

'बंद करतो,' चोरी सापडल्यागत म्हणाले.
'ऱ्हाऊ द्या,' मी म्हटलं,
वाकळ आणली, दोघांच्या गुडघ्यांवर टाकली.
उजेड शर्टांच्या भोकांतून
आत उतरला.

शेवटी बटण त्यांनीच दाबलं,
पाळी संपल्यासारखं, सहज.
निवताना कांडी टिकटिकत राहिली.
सतरापर्यंत मी मोजलं.

'कॅलेंडरवर लिवून ठेव,' अंधारातनं म्हणाले,
'बिल आल्यावर वाद नको.'

सकाळी लिहिलं,
सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली,
बारीक अक्षरात:
भट्टी पेटली.